कार्ड टाकल्यावर फोन विचारतो तो प्रश्न

परवा धाकट्या बहिणीचा मेसेज आला, ताई फोन पूर्ण भरलाय, मेमरी कार्ड टाकते, कितीचं घेऊ ते सांग. मी लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता ते एवढं लांबलं की म्हटलं ब्लॉगवरच टाकू, कारण हाच प्रश्न मला वर्षात चार पाच जण तरी विचारतात आणि सगळे कितीचं घेऊ हेच विचारतात. कितीचं हा प्रश्न तसा सोपा आहे. कार्ड आत सरकवल्यावर फोन स्वतः एक प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर काय द्यायचं हे मात्र कोणीच विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं.

आईचा जुना फोन ३२ जीबीचा होता. ३२ म्हणजे कागदावर, त्यातलं बरंचसं अँड्रॉइड आणि आधीपासून टाकून दिलेली अॅप्सच खातात, हातात येतं ते खूप कमी. वर्षभरात तो भरला आणि मग रोजचं सुरू झालं, स्टोरेज संपत आलंय, कॅमेरा उघडत नाही, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो डाउनलोड होत नाही, अपडेट अर्धवट अडकतं. आई संध्याकाळी चष्मा लावून एकेक फोटो उघडायची आणि मला विचारायची, अगं हा काढू का, ह्यात सगळे डोळे मिटलेले आहेत. काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत तोच मेसेज. शेवटी मी ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आणलं, ट्रेमध्ये बसवलं, फोन चालू केला.

फोनने विचारलं, हे कार्ड पोर्टेबल स्टोरेज म्हणून वापरायचं की इंटर्नल स्टोरेज म्हणून? मला वाटलं आपल्याला तर फोनचीच जागा वाढवायचीय ना, मग इंटर्नल. दाबलं. मग त्याने विचारलं फोटो आणि फायली आत्ताच कार्डावर हलवायच्या का, तेही हो. दहा पंधरा मिनिटं गेली आणि फोन एकदम मोकळा झाला, आई खूश, मी खूश.

दीड वर्षाने एका रात्री तो फोन चार्जिंगला लावला तो सकाळी चालूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं, म्हणाला बोर्ड गेलाय. मला फार काही वाटलं नाही तेव्हा, कारण सगळं तर कार्डावर होतं. नवा फोन घेतला, कार्ड त्यात टाकलं, तर म्हणे हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा. लॅपटॉपला कार्ड रीडर लावून बघितलं, तो पण म्हणाला फॉरमॅट करा. तेव्हा मी पहिल्यांदा बसून वाचलं की इंटर्नल म्हणजे नेमकं काय असतं.

ते असं असतं. अँड्रॉइड ६ म्हणजे मार्शमॅलो २०१५ ला आलं तेव्हा ही सोय आली, अडॉप्टेबल स्टोरेज म्हणतात तिला, म्हणजे फोन कार्डाला दत्तकच घेतो. दत्तक घेताना तो कार्ड पूर्ण पुसतो, त्यावर लिनक्सवाली फाइल सिस्टीम, म्हणजे फायली मांडून ठेवायची पद्धत, टाकतो (म्हणून विंडोजच्या लॅपटॉपला ते ओळखूच येत नाही) आणि सगळं एन्क्रिप्ट करतो, म्हणजे कुलूप लावतो. त्या कुलपाची किल्ली कार्डावर नसते, ती त्या फोनच्या आतल्या स्टोरेजमध्ये असते, फक्त तिथेच. म्हणजे कार्ड चोरीला गेलं तर चोराला काही दिसणार नाही, हा फायदा खरा आहे. पण फोन मेला की किल्ली पण गेली. फोन फॅक्टरी रीसेट केला तरी किल्ली गेली. कार्ड ठणठणीत असतं, त्यावरचा प्रत्येक फोटो जिथल्या तिथे असतो आणि तरीही तो जगात कुठेच उघडत नाही.

आमचं काय गेलं ते सांगते. लग्नाकार्याचे फोटो बहुतेक सगळ्यांकडे असतात, ते परत गोळा झाले. पण आईने आजीजवळ बसून तिला तिच्या लहानपणच्या गोष्टी विचारल्या होत्या आणि फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या, अकरा रेकॉर्डिंग होती, कुठे वीस मिनिटं कुठे पाऊण तास. आजी त्याच वर्षी गेली. त्यातली चार आईने मावशीला व्हॉट्सअॅपवर पाठवलेली म्हणून वाचली. बाकीची सात त्या कार्डावर आहेत. आई मला एका शब्दाने बोलली नाही, फक्त दोन तीनदा विचारलं की काहीच करता येत नाही का गं.

म्हणून आता मी सगळ्यांना पहिलं हे सांगते, कार्ड टाकल्यावर तो प्रश्न आला की पोर्टेबल निवडा. काही कंपन्यांनी आपल्या फोनमध्ये इंटर्नलचा पर्याय दिलेलाच नसतो, मग प्रश्नच येत नाही, कार्ड आपोआप पोर्टेबल असतं. पोर्टेबल म्हणजे कार्ड पेन ड्राइव्हसारखं वेगळं राहतं, फोन बंद पडला तर काढून दुसऱ्या फोनमध्ये नाहीतर कॉम्प्युटरला लावलं की फोटो समोर. फोन हरवला तर मात्र कोणीही ते बघू शकतं, त्यामुळे ओळखपत्रांचे, बँकेच्या कागदांचे फोटो कार्डावर नको, ते फोनमध्येच राहू देत.

आणि ज्यांनी आधीच इंटर्नल केलंय त्यांनी हे वाचून घाईघाईने कार्ड बाहेर ओढू नका प्लीज. फोन चालू आहे तोपर्यंत किल्ली आहे, म्हणजे सगळं सुटतं. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, फाइल ट्रान्सफर निवडा, आणि फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग, डाउनलोड सगळे फोल्डर कॉपी करून घ्या. फोनमधून कॉपी करताना फोन स्वतः कुलूप उघडून देतो त्यामुळे कॉम्प्युटरवर साध्या उघडणाऱ्या फायली येतात. चार पाच फायली उघडून बघा खरंच आल्यात का. मग कार्डावर गेलेली अॅप्स परत फोनमध्ये हलवा (सेटिंगमध्ये अॅपच्या स्टोरेजमध्ये बदला असा पर्याय असतो), त्यानंतरच कार्ड पोर्टेबल म्हणून फॉरमॅट करा. फॉरमॅटने कार्डावरचं सगळं जातं हे लक्षात ठेवून. आणि फोन विकायचा असेल, कोणाला द्यायचा असेल, रीसेट मारायचा असेल तर हे सगळं आधी करा, नंतर करता येत नाही.

आता मग लोक विचारतात की पोर्टेबल केलं तर अॅप कार्डावर जात नाहीत, मग उपयोग काय. उपयोग आहे, भरपूर आहे, कारण फोन अॅपने कमी भरतो आणि फोटो व्हिडिओने जास्त. जवळजवळ प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्टोरेज लोकेशन असा पर्याय असतो, तिथे एसडी कार्ड करा म्हणजे पुढचे फोटो थेट तिकडे जातात. गाण्यांच्या आणि सिनेमांच्या अनेक अॅपमध्ये पण डाउनलोड कुठे ठेवायचं ते ठरवता येतं, तेही कार्डावर. फक्त ती गाणी दुसऱ्या फोनमध्ये कार्ड टाकून वाजत नाहीत, ती त्या अॅपपुरतीच असतात, पण ती काय परत उतरवता येतात, त्यांचं दुःख नाही.

खरी पंचाईत व्हॉट्सअॅपची. त्याच्यात कार्डावर साठवा असं सेटिंगच नाही, सगळं फोनच्याच स्टोरेजमध्ये पडत राहतं आणि आईसारख्या माणसांचा फोन सगळ्यात जास्त तेच भरतं. मी काय करते, महिन्यातून एकदा फाइल मॅनेजर उघडते, अँड्रॉइड मग मीडिया मग व्हॉट्सअॅपचं फोल्डर, त्यातले हवे ते फोटो व्हिडिओ निवडून कार्डावर हलवते. हलवल्यावर चॅटमध्ये तो फोटो उघडत नाही, फाइल फोनवर नाही असं सांगतो, पण गॅलरीत तो कार्डाच्या फोल्डरमधून दिसतो. हे आईला आधी नीट सांगितलं नव्हतं तर तिला वाटलं फोटो उडाले, घाबरली बिचारी, त्यामुळे तुम्ही घरातल्या मोठ्यांच्या फोनवर हे करणार असाल तर आधी त्यांना दाखवा की आता फोटो कुठे बघायचे. शिवाय व्हॉट्सअॅपच्याच सेटिंगमध्ये ऑटो डाउनलोड बंद करा, निम्मा कचरा तिथेच थांबतो.

अॅप्स कार्डावर न ठेवण्याचं दुसरं कारण म्हणजे वेग. फोनच्या आतली मेमरी आणि कार्ड ह्यात फार म्हणजे फार फरक असतो. नेहमीचं यूएचएस-१ वालं कार्ड ज्या बसवर, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटेवर, चालतं तिची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे, आणि चांगल्या फोनमधली यूएफएस ३.१ मेमरी सेकंदाला २००० एमबीच्या आसपास वाचते. आणि अॅप उघडताना एक मोठी फाइल वाचायची नसते, इकडून तिकडून शेकडो बारीक तुकडे उचलायचे असतात, त्यात कार्ड अजूनच मागे पडतं. आईचा फोन शेवटी शेवटी फार हळू चालायचा, अॅप उघडायला लागलं की ती फोन टेबलावर ठेवून दुसरं काम करून यायची, मला वाटायचं फोन जुना झाला म्हणून. फोनने तर दत्तक घेताना चक्क सांगितलं होतं की हे कार्ड हळू वाटतंय. मी ओके दाबून पुढे गेले होते.

आता कार्डावर जी बारीक अक्षरं असतात त्याबद्दल, कारण बहिणीने कार्डाचा फोटो पाठवून विचारलंय की एवढं सगळं काय लिहिलंय. एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचं, एसडीएक्ससी म्हणजे त्यापुढे २ टीबीपर्यंतचं. तुमचा फोन कुठपर्यंतचं कार्ड घेतो हे फोनच्या माहितीत बघून घ्या, जुना फोन फक्त एसडीएचसीवाला असेल तर १२८ चं घेऊन उपयोग नाही. गोलात १० लिहिलेलं असेल किंवा यू च्या आकारात १ असेल तर सलग लिहिण्याचा वेग सेकंदाला निदान १० एमबी, यू मध्ये ३ किंवा व्ही ३० असेल तर निदान ३०. फोर-के व्हिडिओ काढत असाल तर ३० वालं घ्या, नाहीतर शूटिंग मध्येच थांबतं. ए१ आणि ए२ ही खूण बारीक तुकड्यांच्या वेगाची आहे, ए१ म्हणजे सेकंदाला निदान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. पण ए२ चा हा वेग मिळायला समोरच्या फोनची पण तशी तयारी लागते, ती नसेल तर ए२ साठी जास्त पैसे घालवण्यात काही अर्थ नाही, फोटो ठेवायला ए१ पुरतं. आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात जो १०० नाहीतर १५० एमबी असा आकडा असतो तो बहुतेक वेळा वाचण्याचा असतो आणि "पर्यंत" असतो, त्याच्याकडे बघून घेऊ नका.

६४ चं कार्ड टाकलं की काही फोनवर आणि विंडोजच्या कॉम्प्युटरवर ५९ च्या आसपास दिसतं, १२८ चं ११९. ह्यात फसवणूक नाही, कार्ड बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढंच. मात्र खरी फसवणूक वेगळी असते आणि ती मला जास्त राग आणते. नकली कार्डांमध्ये आतला जो कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार बघणारा भाग, असतो ना, त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत चिप १६ जीबीची, पण फोनने विचारलं की सांगतो २५६. फोन विश्वास ठेवतो. पहिले १६ जीबी नीट जातात, त्यापुढचं जे काही तुम्ही टाकता ते एकतर हवेत जातं नाहीतर आधीच्या फोटोंवर लिहिलं जातं. फायलींची नावं दिसतात, साइज दिसते, उघडायला गेलं की करडा चौकोन. माझ्या एका मैत्रिणीच्या बाळाचे पहिल्या वर्षातले फोटो असे गेले, आणि तिला कळलं तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. असं कार्ड विकणाऱ्या माणसाला माहीत असतं तो काय विकतोय.

ह्याची तपासणी अगदी सोपी आहे आणि फुकट आहे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३. कार्ड रिकामं असताना कॉम्प्युटरला लावायचं, प्रोग्रॅम पूर्ण कार्ड काठोकाठ भरतो आणि मग जे लिहिलं तेच परत वाचता येतंय का बघतो. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. नवीन कार्ड कितीही चांगल्या ठिकाणाहून घेतलेलं असो, मी ह्या टेस्टशिवाय एकही फोटो त्यावर टाकत नाही.

आणखी एक गोष्ट, मोठी फाइल कार्डावर जात नाही म्हणून लोक कार्ड खराब आहे समजतात. कार्डाची फाइल सिस्टीम फॅट३२ नावाची असेल तर त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, कार्डावर जागा कितीही असो. एक्सफॅट नावाच्या दुसऱ्या फाइल सिस्टीमला ही अडचण नाही, ६४ जीबी आणि वरची कार्डं सहसा एक्सफॅटमध्येच येतात.

कार्ड काढताना सेटिंगमध्ये जाऊन आधी इजेक्ट करा, मगच ट्रे ओढा, चालू लिहिण्यात ओढलं तर फाइल सिस्टीम बिघडते. आणि ज्यांच्या फोनमध्ये हायब्रिड ट्रे आहे त्यांनी घ्यायच्या आधीच बघा, तिथे एका खाचेत एकतर दुसरं सिम बसतं नाहीतर कार्ड, दोन्ही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला बहिणीला फोनवर पण परत सांगायचंय. फोटो कार्डावर हलवणं म्हणजे बॅकअप नाही. हलवलं म्हणजे आधी एका जागी होतं ते आता दुसऱ्या एका जागी आहे, प्रत अजून एकच. आणि ती जागा पण कशी, १५ मिलिमीटर बाय ११ मिलिमीटर, १ मिलिमीटर जाड, नखाएवढी. फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात थोडासा विद्युतभार अडकवून माहिती ठेवलेली असते, लिहून पुसून लिहून पुसून तो कप्पा झिजतो, आणि नुसतं वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी भार हळूहळू गळतो. कार्ड जायला लागलं की कधी कधी खुणा देतं, फोन मध्येच म्हणतो कार्ड काढलं गेलंय, काही फोटो अर्धे दिसतात, किंवा कार्ड फक्त वाचता येतं आणि काहीही डिलीट करता येत नाही, डिलीट केलेलं परत येतं. असं काही दिसलं की त्याच दिवशी सगळं उतरवून घ्या आणि ते कार्ड परत वापरू नका. कधी कधी काहीच खूण देत नाही.

पोर्टेबल कार्डावरचे फोटो चुकून डिलीट झाले किंवा फॉरमॅट झालं तरी बऱ्याचदा परत मिळतात, अट एकच की त्यानंतर त्यावर काहीही नवीन लिहायचं नाही. लगेच कार्ड काढा, कॉम्प्युटरला लावा, फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो फाइल सिस्टीमकडे न बघता थेट कार्डाच्या पोटातून फोटो शोधून काढतो. मी त्याने एका भाच्याचे दोनशेहून जास्त फोटो परत काढून दिलेत. आईच्या कार्डावर पण चालवला होता, तीन वेळा. कुलूप लागलेल्या कार्डात त्याला काहीच सापडत नाही, सगळा नुसता गोंधळच दिसतो त्याला.

ज्यांच्या फोनला कार्डाची खाचच नाही त्यांच्यासाठी फार काही लिहित नाही. आयफोनमध्ये ती कधीच नव्हती, सॅमसंगने २०१५ च्या गॅलेक्सी एस६ मध्ये काढली, लोक ओरडल्यावर २०१६ च्या एस७ मध्ये परत दिली आणि २०२१ च्या एस२१ पासून परत काढली. मला स्वतःला हे पटत नाही, आपले फोटो आपल्या हातात धरून बाजूला काढता येणं ही छोटी गोष्ट नाहीये. अशा फोनला ओटीजीवाला, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या खाचेत थेट बसणारा, पेन ड्राइव्ह लावता येतो, टाइप-सी चा मिळतो, महिन्यातून एकदा लावा आणि उतरवून घ्या.

तर बहिणीला उत्तर, १२८ चं घे, ए१ आणि यू३ लिहिलेलं बघून घे, आधी टेस्ट कर, पोर्टेबल दाब, आणि पुढच्या वेळी घरी येशील तेव्हा लॅपटॉपवर पण कॉपी करून देते. आईच्या नव्या फोनमध्ये पण हेच केलंय, आणि मावशीकडून परत मिळालेली चार रेकॉर्डिंग आता फोनमध्ये, कार्डावर, लॅपटॉपवर आणि माझ्या ड्राइव्हवर अशी चार ठिकाणी आहेत.

ते जुनं कार्ड मी फॉरमॅट केलेलं नाही, करणारही नाही. जुना बंद फोन पण टाकलेला नाही, कारण किल्ली त्याच्यातच आहे. बोर्ड पुन्हा जिवंत करून देणारा कोणी भेटला, आणि त्याने रीसेट न मारता तो चालू केला, तर कार्ड उघडेल. दोन जणांना दाखवून झालंय, दोघांनी नाही सांगितलं. एकाने सांगितलं की बारीक सोल्डरिंगचं काम करणारे काही जण असतात, त्यांना विचारून बघा. फोन आणि कार्ड दोन्ही एकाच पाकिटात ठेवलेत, वर आईच्या अक्षरात लिहिलंय, फेकू नये. तुमच्या ओळखीत असं बोर्डाचं काम करणारं कोणी असेल तर मला नक्की कळवा.